मळ आणि मळा

माउली, कीर्तनाला उभे राहिले की आधी निरूपणाचा अभंग घ्यावा लागतो आणि मग एकेक चरण सोडवत पुढे जावे लागते. पन्नास वर्षे ते केले. आता गळा साथ देत नाही, म्हणून लेखणीवर भागवतो. आज मात्र निरूपणाला अभंग घेतलेला नाही, मूठभर माती घेतली आहे. तिच्यासोबत एक प्रश्न आहे : स्वच्छ कशाला म्हणावे?

प्रश्न सोपा वाटेल. केर काढला, सडा घातला, पाचोळा पेटवून दिला, की झाले अंगण स्वच्छ. मीही आयुष्यभर असेच समजत आलो. हा समज किती उथळ होता, हे मला वयाच्या सत्तरीनंतर कळले. आणि ज्या माणसाला ते आधीपासून माहीत होते, त्याला सांगायला तोवर फार उशीर झाला होता. तीच हकिगत आधी सांगतो.

आमचे घर माळशिरस तालुक्यात, पालखीच्या वाटेपासून फार लांब नाही. घरामागे जेमतेम गुंठाभर परसू. त्या परसात आमच्या सौ.ने एक खड्डा ठेवला होता. भाजीची देठे, चहाचा चोथा, तांदळाचे धुवण, देवाचे निर्माल्य, गोठ्यातले शेण, झाडलेला पाचोळा, सगळे त्या खड्ड्यात जाई. प्रत्येक थरावर ती मूठभर माती टाकी. मृग निघण्याआधी खड्डा उपसून ते काळेभोर खत वाफ्यांना घाली. तेवढ्याशा जागेत अळू, गवती चहा, कढीपत्ता, दोडक्याचा वेल आणि मोगरा होता. तुळशी तर इतक्या, की मी कीर्तनाला निघालो की गळ्यातला हार घरच्याच तुळशीचा असे.

मला त्या खड्ड्याची लाज वाटे. घरी फडावरची मंडळी यायची, विद्यार्थी यायचे. २००४ साली गावात मोठा सप्ताह होता आणि एका थोर महाराजांचा मुक्काम आमच्या घरी ठरला. मी सौ.ला म्हणालो, "महाराजांच्या घरामागे उकिरडा दिसला तर लोक काय म्हणतील? बुजवून टाक ती घाण."

ती म्हणाली, "अहो, घाण कसली त्यात? सगळं आपल्याच ताटातलं नि देवाच्या डोक्यावरचं तर आहे."

मी रागावलो. मला शहाणपण शिकवू नकोस, असेही म्हणालो. दोन दिवसांत घराच्या दुरुस्तीचा राडारोडा त्या खड्ड्यात भरला आणि साऱ्या परसाला शहाबादी फरशी घातली. एक तुळशीवृंदावन तेवढे राहिले. ती पुढे काही बोलली नाही. त्या सप्ताहात माझेही कीर्तन झाले. विषय होता, अवघे जग विष्णुमय आहे. दोन तास बोललो, लोक डोलले. बायकांच्या रांगेत तीही बसली होती.

सौ. गेली त्याला आता आठ वर्षे झाली. ती गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात वृंदावनातली तुळस वाळली. दुसरे रोप आणले, तेही गेले. तिसऱ्याला कोणी सांगितले म्हणून मूठभर युरिया घातला. चार दिवसांत पाने कडेने करपली आणि रोप मेले. ज्याच्या गळ्यात तुळशीची माळ, त्याच्या दारात तुळस जगेना.

आमच्या भजनी मंडळात पखवाज वाजवणारे एक गृहस्थ आहेत. कृषी खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांना दाखवले. त्यांनी वृंदावनातली माती चिमटीत घेतली, चुरडली, हुंगली आणि म्हणाले, "महाराज, रोपाला काही झालेलं नाही. माती मेली आहे."

माती मरते, हे शब्द मी प्रथमच ऐकत होतो. आपण तिला मृत्तिका म्हणतो, जड म्हणतो, पंचमहाभूतांतले पहिले स्थूल तत्त्व म्हणून निरूपण करतो. जी जडच आहे ती मरणार कशी?

त्यांनी दोन ओंजळी मागवल्या. एक आमच्या फरशीखालची आणि एक शेजारच्या शेतातल्या जुन्या लिंबाखालची, म्हणजे कडुनिंबाखालची. दोन्हींवर पाणी शिंपडले आणि मला वास घ्यायला सांगितला. लिंबाखालच्या मातीला पहिल्या पावसाचा वास आला. आमच्या मातीला ओल्या सिमेंटचा वास होता. ते म्हणाले, तो सुगंध नुसत्या पाण्याचा किंवा दगडाच्या चुऱ्याचा नव्हे. मातीत राहणारे विशिष्ट सूक्ष्म जीव तो तयार करतात. जिथे जीव नाही तिथे तो वासही नाही.

मग त्यांनी मला माती म्हणजे काय ते सांगितले. चांगल्या बागेची माती घेतली तर तिच्यात निम्म्याहून थोडा कमी भाग दगडाचा बारीक चुरा असतो. आपल्याकडे हा चुरा काळ्या कातळाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचे पठार झाले, त्या कातळाचा. उरलेला जवळजवळ निम्मा भाग पोकळी असतो. त्या पोकळीत थोडे पाणी आणि थोडी हवा. आणि शेवटचा अगदी लहानसा हिस्सा, शेकडा पाचच्या आतबाहेर, हा कुजलेल्या पालापाचोळ्याचा आणि जिवंत जीवांचा. आपल्या कोरडवाहू जमिनींत तर तो त्याहून कितीतरी कमी. पण सारा खेळ त्या शेवटच्या हिश्श्याचा. चमचाभर चांगल्या मातीत कोट्यवधी जीवाणू असतात. ते मेलेले खातात आणि जिवंताला पोसतात. त्यांच्या चिकट स्रावाने मातीचे बारीक कण एकत्र येऊन रवाळ होतात, त्या रव्यांच्या मधून पाणी मुरते आणि मुळांना श्वास घेता येतो. फरशीखाली पाचोळा गेला नाही, पाणी गेले नाही, हवा गेली नाही. खाणे बंद झाले तसे खाणारेही संपले. वृंदावन तेवढे उघडे होते. पण त्याचा तळ राडारोड्यावर टेकलेला, आणि सौ. गेल्यावर त्यात कोणी काही घातलेच नाही.

युरियाचेही उत्तर मिळाले. त्यात शेकडा ४६ भाग नुसते नत्र असते. एकराच्या हिशेबाची वस्तू हातभर वृंदावनात मूठभर घातली, तर मुळे होरपळणारच. ते म्हणाले, "महाराज, तुम्ही रोपाला वाढायला गेलात. वाढायचं मातीला असतं. ती रोपाला बरोबर वाढते."

हे वाक्य मला झोपू देईना. कीर्तनातही मी रोपालाच वाढत आलो होतो. टाळ्या कुठे पडतात, कुठे हंशा येतो, तेवढेच पाहिले. ज्या घराच्या जोरावर फडावर उभा राहिलो, त्या घराच्या मातीत काय घालायचे राहिले, ते पाहिले नाही.

असो. दुसऱ्या दिवशी परसातली फरशी उखडायला गडी लावला.

आता जे केले ते सांगतो, कारण नुसत्या हळहळीने माती सुपीक होत नाही. आधी राडारोडा वेचून काढला. मग एका काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, असे खळखळून हलवून रात्रभर ठेवले. तळाला वाळू बसली, वर गाळ, त्यावर चिकणमाती. आमच्याकडे चिकणमातीचा थर जाड निघाला. अशी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात लोणी होते. तिच्यात वाळू मिसळावी असे कोणालाही वाटेल, पण थोड्या वाळूने ती विटेसारखी घट्ट बसते. तिला हवे असते कुजलेले खत. आपल्या भागातल्या मातीत चुनखडीही बरीच, म्हणून चुलीतली राख ढिगाने टाकू नये, हेही समजले. एरवी मी राख पवित्र म्हणून ओतलीच असती.

मग सौ.च्या खड्ड्याच्या जागी तीन फूट लांब, तीन फूट रुंद असा ढीग रचला. सगळ्यांत खाली तुऱ्हाट्या, म्हणजे खालून वारा खेळतो. त्यावर वाळलेला पाचोळा तीन पाट्या, तर ओली भाजी, गवत नि निर्माल्य मिळून एक पाटी. वर शेणकाला आणि मूठभर लिंबाखालची माती; विरजण लावतात तसे. असे थर कमरेइतके केले. ओल किती हवी? मूठ दाबल्यावर बोटांच्या फटीत थेंब दिसावा, पण ओघळू नये. शिजलेले तेलकट अन्न त्यात घालायचे नाही, उंदीर-घुशी येतात. चार दिवसांनी ढिगात हात घातला तो चटका बसला. जीव कामाला लागले की ऊब निर्माण होते. पंधरवड्याने ढीग खालीवर केला, पुन्हा ओलावला. तीन-चार महिन्यांत देठ कुठला नि पान कुठले, ओळखू येईना.

या रीतीचे शास्त्र आपल्याच लोकांकडून जगात गेले, हे ऐकून आनंद वाटला. १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने येथील शेतकऱ्यांच्या चालीरीती पाहून खत कुजवण्याची पद्धत बसवली. ती 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. १९३१ साली त्यावर जे पुस्तक निघाले, त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीने यशवंत वाड यांचे नाव आहे. आमच्या सौ.ला यातले एक नावही माहीत नव्हते. पण तिचा खड्डा आणि तो ग्रंथ एकाच गोष्टीकडे बोट दाखवत होते.

त्या ढिगाने मला जो दृष्टांत दिला, तो कुठल्या पोथीत वाचला नव्हता. पहिल्या ढिगाच्या वेळी आषाढात झड लागली. मला ढीग चाळवणे जमले नाही, पाणी साचले, आणि असह्य दुर्गंधी सुटली. मी मनात म्हणालो, पाहा, शेवटी उकिरडा तो उकिरडाच. पखवाजवाले आले, त्यांनी दाताळ्याने ढीग उकलला, मध्ये वाळलेला पाचोळा भरला, वर पोते झाकले. तीन दिवसांत दुर्गंधी गेली आणि आठवड्याने तिथे मातीचा वास येऊ लागला. पदार्थ तेच. हवा मिळाली नाही तेव्हा ते सडले. हवा मिळाली तेव्हा त्यांचे सोने झाले. सडणे निराळे नि कुजणे निराळे, हे सौ.ला ठाऊक असणार. मला दोन्ही शब्द एकच वाटत होते.

तेव्हा माउली, आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. स्वच्छ कशाला म्हणावे?

पहिले मत असे, की नजरेआड गेले म्हणजे स्वच्छ. हे मत फार लोकांचे आहे आणि माझेही होते. पण नजरेआड म्हणजे कुठे? माझ्या दारातून गेले ते कोणाच्या तरी दारात पडले. पालखी पुढे सरकली की मुक्कामाच्या गावी मागे काय उरते, ते आपण वळून पाहत नाही. पूर्वी पळसाच्या पत्रावळीवर पंगत बसे. पंगत उठली की पत्रावळी गुरांच्या तोंडी किंवा खड्ड्यात जात आणि दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत त्यांची माती होई. आता प्लॅस्टिकचे मुलामे असलेल्या ताटल्या नि पाण्याच्या बाटल्या उरतात. गाव पंधरा दिवस आपली विष्ठा नि आपले उष्टे उपसत बसते. आपण मात्र पंढरीत स्नान करून शुद्ध झालेले असतो.

दुसरे मत हे, की जिच्या परतीची वाट मोकळी आहे ती वस्तू घाण नव्हे. देठ मातीतून आले, मातीत जाते. शेण गवतातून आले, गवतात जाते. वाट अडली, की तीच वस्तू घाण होते. आणि जिला परतीची वाटच नाही, ते थर्माकोल, ते प्लॅस्टिक, तो खरा मळ. आपण उलट वागतो. पाचोळ्याला आग लावतो आणि देवाच्या हाराचा प्लॅस्टिकचा धागा मात्र निर्माल्यात राहू देतो.

मला हे दुसरे मत मान्य आहे. मळ आणि मळा या दोन शब्दांत एका कान्याचा फरक आहे. तो काना म्हणजे कष्ट. जो मळात हात घालतो, त्याच्या मळाचा मळा होतो. जो तोंड फिरवतो, त्याचा मळ मळच राहतो.

इथे कोणी शास्त्रार्थी विचारील, "मग शौचधर्म बुडवायचा काय? सोवळे सोडायचे?" नाही. ढिगात हात घातल्यावर मी साबणाने हात धुतो, स्नान करून मगच पूजेला बसतो. शौच ही सेवा करणाऱ्याने स्वतःला लावून घ्यायची शिस्त आहे. तिचा उपयोग दुसऱ्या वस्तूला, दुसऱ्या माणसाला हीन ठरवायला केला, की ती शिस्त राहत नाही, अहंकार होतो. आपल्या संप्रदायाला हे नवे नाही. ज्या चोखोबांना देवळाच्या आत येऊ दिले नाही, त्यांची समाधी महाद्वारासमोर आहे, आणि आज प्रत्येक वारकरी तिथे माथा टेकून मगच पुढे जातो. ज्यांना लोकांनी मळ म्हटले, त्यांच्यामुळेच हा भक्तीचा मळा फुलला. त्यांची वाट अडवणारे हात सोवळ्यातले होते, हे विसरू नये.

गाडगे महाराज (१८७६–१९५६) गावात शिरले की आधी खराटा हातात घेत, दिवसभर गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. मी त्या दिनक्रमातला रात्रीचा अर्धा भागच आयुष्यभर केला, हे आज कबूल करतो.

आणि सावतोबा! शके १२१७, म्हणजे इ. स. १२९५ साली अरणला त्यांनी देह ठेवला. मळ्यातले कामच त्यांनी पूजा मानले. पंढरी इतकी जवळ असून ते तिकडे गेले नाहीत, देवच त्यांच्याकडे आला, असे आपण सांगतो. देव लपायला जागा मागतो आणि सावतोबा खुरप्याने आपले उर उघडून त्याला आत ठेवतात, हे आख्यान मी किती वेळा लावले असेन! श्रोते रडत, मीही रडे. पण खुरपे धरणारा तो हात रोज काय करत असेल, हे एकदाही मनात आले नाही. तण काढले असेल, शेणखत पसरले असेल, दंडाला पाणी दिले असेल. ज्याला लोक मळके हात म्हणतात, तसेच ते हात असणार. देवाने लपायला जागा निवडली ती अशा माणसाच्या छातीत.

दोन शंका राहतात, त्या माझ्याही होत्या.

पहिली निर्माल्याची. देवाला वाहिलेले फूल पायदळी येऊ नये म्हणून आपण ते नदीत सोडतो. भावना खरी आहे. पण प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून पुलावरून फेकलेल्या निर्माल्याने चंद्रभागेचे काय झाले, ते आपण डोळ्यांनी पाहतो. ज्या नदीला माता म्हणायचे तिच्या अंगावर हे टाकण्यापेक्षा, धागे, तारा, जरी काढून ती फुले जिथे पाय पडत नाही अशा झाडाच्या आळ्यात किंवा ढिगात घालावीत. तिथून उगवलेली तुळस पुन्हा देवाच्याच गळ्यात जाईल. याहून थोर विसर्जन मला सुचत नाही.

दुसरी शंका हिंसेची. कुदळ मारली की गांडुळे तुटतात. गळ्यात माळ घालणाऱ्याने हे करावे का? मला हा प्रश्न थट्टेचा वाटत नाही. पखवाजवाल्यांनी उत्तर दिले, की वारंवार खोल खणणे मातीलाही मानवत नाही. तिचे रवे मोडतात, आतली घरे उद्ध्वस्त होतात. एकदा राडारोडा काढला की पुढे खणू नये. खत नि पाचोळा वरून अंथरावा, आत न्यायचे काम गांडुळे करतात. चार बोटे पाचोळा अंथरला तर ऊन लागत नाही, पाणी टिकते, तणही कमी उगवते. फक्त खोडाला भिडवू नये, बुंधा कुजतो. मधल्या मोकळ्या जागेत पावसाळ्याच्या तोंडाला ताग पेरावा आणि फुलावर येताना कापून तिथेच पसरावा. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतले नत्र मातीत आणून ठेवतात. ज्यांच्या दारात हिरवळ आहे त्यांनी कापलेले गवत उचलून फेकू नये, बारीक असेल तर तिथेच राहू द्यावे. म्हणजे इथे अहिंसा आणि फायदा एकाच बाजूला आहेत. तरी एखादे गांडूळ मरतेच. सकाळी भुईवर पाय टेकण्याआधी आपण तिची क्षमा मागतो, तशी त्याचीही मागतो. निर्दोष जगणे कोणाच्याच हाती नाही. दोष कमी करत जाणे हातात आहे.

गांडुळावरून आठवले. चार्ल्स डार्विन या इंग्रज पंडिताने गांडुळांवर पहिला निबंध १८३७ साली वाचला आणि त्यांच्यावरचे पुस्तक काढले ते १८८१ साली. मधली चव्वेचाळीस वर्षे हा विषय त्याच्या मनातून गेला नाही. नातवाने मला सांगितले, की त्याने गांडुळांना वाद्येही वाजवून दाखवली. त्यांना काही ऐकू येईना. पण त्यांची कुंडी पियानोवरच ठेवून सूर वाजवला, तेव्हा ती बिळात शिरली. कान नाहीत, पण कंप कळतो. मी त्या दिवसापासून ढिगाजवळ बसून हळू आवाजात हरिपाठ म्हणतो. नातू हसतो. हसू दे. माझ्या आवाजाला आता असलेच श्रोते परवडतात.

आज परसाला तिसरे वर्ष आहे. माती अजून लिंबाखालच्यासारखी झालेली नाही. पखवाजवाले म्हणतात, आणखी काही वर्षे लागतील. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, अशी म्हण आहे. मला तेवढी वर्षे मिळतील न मिळतील. तुळशी मात्र जगल्या. मागच्या कार्तिकी एकादशीला देवाला घरचा हार झाला. तो गुंफताना सौ.ची आठवण आली. क्षमा कोणाची मागायची, ती तर नाही. परमार्थात गेलेल्याची क्षमा मागता येते की नाही, यावर मी पुष्कळ बोलू शकेन, पण त्याने समाधान होत नाही. मी एवढेच करतो : रोज सकाळी स्वयंपाकघरातली पाटी स्वतः उचलतो, ढिगावर ओततो, वर मूठभर माती टाकतो, जशी ती टाकत असे.

माउली, तुमच्याही घरात असा कोणी असेल, ज्याच्या हाताला मळ लागतो म्हणून तुमचे घर स्वच्छ दिसते. आई असेल, सून असेल, पहाटे रस्ता झाडणारी बाई असेल. तिला काय म्हणायचे आहे ते ती आहे तोवर ऐकून घ्या. परसात जागा असेल तर एक फरशी उखडा. जागा नसेल, गॅलरीत दोन कुंड्या असतील, तर एका जुन्या मातीच्या माठाला भोके पाडून त्यात देठे नि पाचोळा थरावर थर घाला. रिंगण झाले की अश्वाच्या टापेखालची माती आपण कपाळाला लावतो. खुडूसच्या रिंगणात मीही चिमूटभर घेऊन ती पागोट्यात जपून घरी आणत असे. या वर्षी ती चिमूट मी ढिगात मिसळली.

रामकृष्ण हरी.